इनासच्या डाव्या खिशातलं मीठ

२०२५ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. भात झोडून झालं होतं आणि जूचंद्रला घरामागच्या खळ्यात मी पेंढा रचत होतो. मुलगा म्हणत होता, बाबा, तुम्ही खाली उतरा. मी म्हणत होतो, तू खाली उभा राहून शिकव मला. तेवढ्यात सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. फोनवर फिलूबाय होती, इनासची बायको. एवढ्या वर्षांत तिने मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. आडनावाने हाक मारून ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हातरे, तुमचा माणूस गेला." माझा नवरा गेला असं म्हणाली नाही. तुमचा माणूस गेला... मी पेंढ्यावरच बसलो. विचारलं, कसा गेला? म्हणाली, "पहाटे. खुर्चीत बसल्या बसल्या. तोंड खिडकीकडे होतं." म्हटलं, मग ठीक आहे. बघत गेला.

माणिकपूरला त्याच्या दफनाला एवढी माणसं होती की रिक्षा आत येईनात. इनास बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे लहान ट्रम्पेट समजा. उभा जन्म त्याने लग्नं वाजवली. वसईत पन्नाशीच्या पुढचं एखादं ख्रिस्ती जोडपं दिसलं की त्यांच्या लग्नात इनास होता असं बेलाशक समजायचं. बँडच्या पोरांना त्याने आधीच दम देऊन ठेवला होता की माझ्यामागे रडकी चाल वाजवाल तर पेटीत उठून बसेन. तेव्हा पोरांनी प्रार्थना होईपर्यंत कशीबशी कळ काढली, सगळ्यांची मूठमूठ माती पडू दिली, आणि मग वरात निघते तेव्हाची चाल अशी जोरात लावली की बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. फादरही हसले. मी मूठ टाकली त्यात मातीबरोबर मिठाचे दोन खडे होते. ते का, ते पुढे सांगतो.

नात म्हणाली होती, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी चौथी शिकलेला माणूस, पण म्हटलं, इनासवर लिहायचं तर माझ्या हाताने. ऱ्हस्व-दीर्घ तिला सुधारू दिलं. वाक्य सुधारू दिलं नाही.

आमचं मिठागर खाडीच्या अंगाला आहे. माझ्या बापाने आणि मी तिथे मीठ पिकवलं. आता आजूबाजूची मिठागरं बंद पडली, मागे इमारतींची रांग उभी राहिली, पण मी चार वाफे अजून भरतो. मुलगा विचारतो, कशासाठी? मी फावडं उचलतो. दिवाळी झाली, मोठं उधाण आलं की खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाची वाट बघायची, एवढंच काम. रात्री बांधावरच्या खोपटात मी झोपायला जायचो. अशाच एका डिसेंबरात, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, मला बांधावर लाल दिवा दिसला. इवलासा, विडी पेटल्यासारखा, पण विझत नव्हता. काठी घेतली आणि गेलो. बघतो तर चटईवर एक माणूस उताणा पडलेला. अंगात काळा कोट, त्याला पितळी बटणं, डोक्याला माकडटोपी, आणि बॅटरीला लाल कागद बांधलेला.

मी ओरडलो, "कोन हाय रं?"

तो हलला नाही. पडल्या पडल्या म्हणाला, "माणूस आहे."

"मानूस हाय त्ये दिसतंय. काय चोराया आलास?"

"तारे."

"कंचे तारे?"

"पडणारे. मोजायला आलोय. काठी खाली घे बाबा, वरचं दिसत नाही."

मी म्हटलं, मोजायचे तर उठून मोज, मेल्यासारखा पडलास कशाला? तर म्हणाला, उभ्याने मान दुखते आणि आकाश अर्धंच दिसतं. त्याच्या बोलण्यात माझी काहीच भीती नव्हती, त्यामुळे मला आधी राग आला आणि मग तो माणूस आवडला. दोन्ही एकदमच झालं म्हणा. कोटाचं विचारलं तर म्हणाला, हा बँडचा, घरात दुसरं गरम कापड नाही. इथली थंडी म्हणजे नाशिककडच्या माणसाला हसू येईल अशी, पण बांधावर खाडीचा गारवा हाडात शिरतो. आणि लग्नसराईत कोट घालून इकडे कसा, बँड नाही का? तेव्हा त्याने सांगितलं की त्यांच्यात नाताळच्या आधी आगमनकाळ असतो, त्या आठवड्यांत लग्नं लावत नाहीत, म्हणून बँड बंद. वर्षातले तेवढेच दिवस तो रात्री मोकळा. "आणि बघ," तो म्हणाला, "देवाने वर्षातले सगळ्यात जास्त तारे बरोबर त्याच दिवसांत ठेवले. फक्त बँडवाल्यांसाठी."

मी सांगितलं, आमच्यात तारा तुटला की कोणीतरी गेलं म्हणतात. तेवढ्यात वर काहीतरी गेलं असावं, कारण तो खूश होऊन म्हणाला, "मग आज रात्रीत अख्खी वसई खलास."

तो आगपेटीच्या काड्यांनी मोजत होता. एक तारा दिसला की एक काडी या खिशातून त्या खिशात. लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात वरचा एखादा निसटतो, असं त्याचं म्हणणं. पण दवाने काड्या भिजून लगदा झाला होता. मी खोपटातून गेल्या सालच्या गोणीतलं मूठभर खडेमीठ आणून दिलं. त्याने ते उजव्या खिशात भरलं. तारा दिसला की बोटाने एक खडा उचलायचा आणि डाव्या खिशात सोडायचा, डोळे वरच. दिसला की नाही अशी शंका असेल तर तो खडा वाफ्यात फेकायचा. अंधारात टुबुक आवाज आला की मी समजायचो, इनासला खात्री नव्हती.

सकाळी मी खोपटात तीन दगडांवर पेज ठेवली. माझ्याच शेतातला तांदूळ. मीठ घालायला गोणीत हात घातला तर इनास म्हणाला, "थांब. रात्रीचं घाल." आणि त्याने डावा खिसा उलटा करून सगळे खडे पातेल्यात झटकले. कोटातले चार लग्नांचे तांदूळही त्यात पडले. त्या दिवसापासून तो नेमच झाला. डिसेंबरात तारे सगळ्यात जास्त पडतात त्या एका रात्री इनास यायचा, आणि सकाळच्या पेजेत जितके तारे दिसले तितकंच मीठ. वर एक खडा नाही. चांगली रात्र गेली तर पेज खारट, ढगाळ रात्र गेली तर अळणी. एका साली संध्याकाळपासून आभाळ आलं ते सकाळपर्यंत हटलं नाही. आम्ही मिठाच्या गोणीला टेकून बिनमिठाची पेज खाल्ली. इनास म्हणाला, पुष्कळ लग्नांत याहून वाईट जेवलोय.

आता माझी गोष्ट. मला इनाससारखं उताणं पडणं कधीच जमलं नाही. जिवंतपणी तिरडीवर पडल्यासारखं दिसतं, असं मी त्याला सांगितलं. बायको सांगेल की तुमची मान वर होत नाही. जन्मभर वाकून लाकडी फावड्याने मीठ ओढलं तर मान कुठे वर होणार? पण ते बायकोने सांगावं, मी का सांगू? मी मीठ वाहायची टोपली उपडी घालून तिच्यावर बसायचो, वाफ्याकडे तोंड करून. वारा नसला की वाफ्याचं पाणी ताटासारखं स्थिर असतं आणि सगळं आकाश त्यात असतं. मी तेच आकाश बघत आलोय, लहानपणापासून. दुसऱ्या की तिसऱ्या साली, तो चटईवर वर बघतोय, मी टोपलीवर खाली बघतोय, आणि पाण्यात एक मोठा तारा सर्रकन गेला. मी म्हटलं, "दिसला!" आणि खड्यासाठी हात पुढे केला.

"कुठे?" इनासने विचारलं.

"पान्यात."

"पाण्यातला धरत नाहीत."

"कोन धरत नाय?"

"नियम आहे, म्हातरे. आकाशात डोळ्याने बघितलेलाच धरायचा. जगभर असंच मोजतात."

"जगाकडं मिठागर हाय का?"

तो हसला, पण खडा दिला नाही. त्याचं म्हणणं, पाण्यात फक्त मोठे दिसतात, बारीक दिसत नाहीत, मग मोजणी खोटी होते. माझं म्हणणं, तारा वरून निघाला तेव्हा तो कुठे बघितला जाईल ते त्याने ठरवलं नव्हतं. पण इनास हट्टात माझ्या वरताण. त्यातून एकदा मी असाच "दिसला" म्हणून ओरडलो आणि तो लांबत लांबत लाल-हिरवा लुकलुकत दक्षिणेला गेला. विमान होतं. झालं, पुढची सगळी वर्षं मी टोपलीवर बसलो की इनास विचारायचा, "काय म्हातरे, तुझा तारा मुंबईला सुखरूप उतरला ना?"

तुम्ही हसाल, पण मला ते लागत होतं. मिठागर माझं, मीठ माझं, तांदूळ माझा, पातेलं माझं, आणि पेजेत एक खडा टाकायचा अधिकार मला नाही! दर साली सकाळी इनास आपला खिसा झटकायचा आणि मी पळीने ढवळायचो. कधी एकदा त्या पेजेत माझा एक खडा, इनासने मान्य केलेला, पडतोय असं मला झालं होतं. गोणीतून चोरून घातला असता तर कोणाला कळणार होतं? पण तसा खडा मला नको होता. त्याने "घाल" म्हणायला हवं होतं.

एका साली त्याने उशी आणली. माझ्या टोपलीजवळ ठेवली, चटईच्या दुसऱ्या टोकाला. मी विचारलं, ही कोणासाठी? माझा आवाज जरा चढला असणार. इनासने ती उचलली आणि आपल्या पायांखाली घेतली. म्हणाला, पाय सुजतात, वर ठेवायला आणली. त्यानंतर तो विषय नाही. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात नसते तेवढी समज त्या माणसात होती, फक्त ताऱ्यांच्या बाबतीत तो गाढव होता.

आणि मग पाय खरंच सुजायला लागले... हृदय मोठं झालं म्हणाले. कॉर्नेट बंद. उताणं झोपणं बंद, झोपला की छातीत पाणी भरल्यासारखा जीव गुदमरायचा, तीन उशा लावून बसूनच झोपायचं. आणि मीठ बंद. गेल्या डिसेंबरात मी त्याला फोन केला की यंदा राहू दे. तर तो म्हणाला, "टोपल्या दोन आहेत ना तुझ्याकडे?"

आला. रिक्षाने आला, फिलूबायला घेऊन आला. तिला यायचं नव्हतं आणि त्याला एकटं सोडायचंही नव्हतं. दोन घोंगड्या, औषधांची पिशवी आणि रोझरीची माळ घेऊन ती खोपटाच्या दारात बसली आणि तिथून आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने देवाला सांगत राहिली की दोन म्हाताऱ्यांना अक्कल दे. मी दुसरी टोपली उपडी घातली. इनास बँडचा कोट घालून तिच्यावर बसला, माझ्या शेजारी, वाफ्याकडे तोंड करून. मान मागे टाकली की त्याला धाप लागत होती. थोडा वेळ त्याने हट्टाने वर बघितलं, दोन-चार खडे इकडून तिकडे केले. मग हळूहळू त्याची मान खाली आली.

त्याने वाफ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "अरे... इथे तर सगळंच आहे."

मी म्हटलं, "मी काय सांगतोय एवढी वर्षं?"

"बारीक नाही दिसत पण."

"नाय दिसत. आपल्याला या वयात बारीक काय दिसतंय?"

आणि तेव्हा तो आला. तसा मी आयुष्यात पुन्हा बघणार नाही. समोरच्या वाफ्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हिरवी रेघ ओढत गेला, मधे एकदा फुटला, आणि पाणी असं उजळलं की मला इनासच्या कोटाची बटणं दिसली. त्याचं तोंड दिसलं. लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं. खोपटातून फिलूबाय ओरडली, "काय पेटलं रे?"

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला."

"कुठं?"

इनास धापा टाकत होता. मी पुन्हा विचारलं, कुठं दिसला? तो म्हणाला, "म्हातरे, माझा श्वास आधी येऊ दे." पण त्याचा हात खिशाकडे गेला होता. कोणत्या, ते अंधारात कळलं नाही. आणि पाण्यात टुबुक आवाज आला नाही, एवढं मी नीट ऐकलं.

सकाळी पेज उकळली. इनासने डावा खिसा उलटा करून तळहातावर खडे घेतले आणि हात पातेल्यावर नेला, तर फिलूबायने मनगट धरलं. "डॉक्टरने काय सांगितलंय?" तो म्हणाला, नेम आहे. ती म्हणाली, नेम गेला खाडीत. तो म्हणाला, वर्षातून एकदा. ती म्हणाली, वर्षातून एकदाच मरतो माणूस. मी पळी घेऊन मधे उभा. शेवटी तिलाच दया आली असावी. म्हणाली, "एक. एकच खडा घाल. त्याच्यावर नाही."

इनासने तळहाताकडे बघितलं. इतक्या वर्षांचे ताऱ्यांचे हिशेब त्या माणसाने रात्र रात्र जागून केले होते, आणि त्या दिवशीचे सगळे त्याचे, आकाशात बघितलेले. त्यातला एक उचलणं त्याला काही कठीण नव्हतं. पण त्याने मूठ मिटली. कोटाच्या आतल्या खिशातून, जिथे तो कॉर्नेटची तोंडाशी धरायची नळी ठेवायचा, तिथून एक वेगळा ठेवलेला खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा घाल."

मी विचारलं, "पान्यातला?"

"पाण्यातला," इनास म्हणाला. "आणि आता बोलू नकोस, नाहीतर परत घेईन."

मी घातला. एवढ्या मोठ्या पातेल्यात एक खडा, चव काय येणार? अळणीच होती. इनासने वाटी तोंडाला लावली, घोट घेतला, डोळे मिटले आणि बायकोला म्हणाला, "फिलू, जरा जास्तच झालंय ग मीठ." आम्ही तिघं इतके हसलो की त्याला ठसका लागला आणि तिने दोघांनाही शिव्या घातल्या. त्यानंतर तो जवळजवळ वर्षभर होता, आमचं फोनवर बोलणंही व्हायचं, पण मला विचाराल तर माझी त्याची शेवटची भेट तीच.

त्याला पुरून आल्यावर मी ठरवलं होतं की यंदा बांधावर जायचं नाही. वाफे भरले होते, ते आपले भरले होते. डिसेंबरचा मध्य जवळ आला तेव्हा पुन्हा फोन वाजला. "म्हातरे, यंदा कधी आहे ते तारे-बिरे?" मी म्हटलं, तुला काय करायचंय? फिलूबाय म्हणाली, "एवढी वर्षं रात्रीचा काय बघत होता ते बघू दे की मला."

ती आली. अंगात त्याचा कोट, बाह्या दुमडलेल्या. हातात चटई आणि ती उशी. मी टोपली पुढे केली तर म्हणाली, मला काय झालंय, मी आडवी पडणार. आणि पडली, त्याच जागेवर. मी तिला उजवा खिसा भरून दिला आणि सगळे नियम समजावून सांगितले, इनासने सांगितले होते तसेच, शंकेच्या खड्यासकट. तिला एकही शंका आली नाही. दर ताऱ्याला ती "येशू!" म्हणून ओरडायची आणि खडा डाव्या खिशात. मी टोपलीवर, पाण्याकडे तोंड करून. मोठा तारा गेला की तिचं "येशू" वरून आणि माझं "दिसला" खालून एकदम व्हायचं. मी तिला सांगितलं, पाण्यातला धरत नाहीत, फिलूबाय. तुझ्या नवऱ्याने एकच धरला. ती पडल्या पडल्या म्हणाली, "तो गेला. आता मी सांगते. तू पण टाक." आणि उरलेले मूठभर खडे तिने माझ्याकडे सरकवले. मी ते माझ्या सदऱ्याच्या उजव्या खिशात घातले. मग चंद्र उगवेपर्यंत आम्ही मोजत राहिलो.

सकाळी मी तीन दगडांवर पातेलं चढवलं. पेजेला कढ आला तेव्हा फिलूबायने त्याच्या कोटाचा डावा खिसा उलटा केला आणि मी माझा. ढवळली, वाटीत ओतली, तिला दिली. तिने तोंडाला लावली आणि वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"म्हातरे, ही तोंडात धरवत नाही."

मी घोट घेतला. नुसती खाडी होती. मी वाटी संपवली, आणि आणखी वाढ म्हणून तिच्यापुढे धरली.